चिलर ट्रिप होतोय म्हणून केमिकल बदलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत १५० टन क्षमतेचे दोन वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं, आहेत, एक चालू आणि एक राखीव. गच्चीवर चिलरमधून गरम होऊन आलेलं पाणी हवेने गार करणारे दोन एफआरपी (फायबरचे) कूलिंग टॉवर आहेत, पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर आहे. टॉवरच्या पाण्यात घालायचं केमिकल पुरवणारा महिन्यातून एकदा येतो, ३५ किलोचा कॅन ठेवतो, रिपोर्टवर सही घेतो आणि जातो. तरीही एप्रिल लागल्यापासून चिलर दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतोय, म्हणजे गॅसचा दाब वाढून आपोआप बंद पडतोय. तिथल्या मेंटेनन्स इंजिनिअरनी विचारलंय की केमिकल बदलू, पुरवठादार बदलू, की एक जण सांगतोय ते चुंबकाचं यंत्र पाइपावर बसवून टाकू? सोबत त्यांनी पाण्याचा रिपोर्ट आणि चिलरच्या लॉगबुकाचं एक पान पाठवलंय.

यातलं काहीच आत्ता करू नका. उत्तराचा निम्मा भाग तुम्ही पाठवलेल्या त्या दोन कागदांतच आहे.

आधी लॉगबुक. ट्रिप व्हायच्या तासभर आधीची नोंद: कंडेन्सरमध्ये (चिलरची उष्णता टॉवरच्या पाण्याला देणाऱ्या भागात) जाणारं पाणी २८.५ अंश, बाहेर पडणारं ३४ अंश, गॅसचं कंडेन्सिंग तापमान (गॅस द्रव होतो ते) ४३ अंश. बाहेर पडणारं पाणी आणि कंडेन्सिंग तापमान यांच्यातल्या फरकाला ॲप्रोच म्हणतात. कंडेन्सरमधल्या पाण्याच्या ट्यूब (नळ्या) स्वच्छ असतील तर अशा मशीनमध्ये तो दोन अंशांच्या आसपास असतो, तुमचा आहे नऊ. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो म्हणून सगळे उन्हाळ्याला दोष देतात, पण टॉवरला हवेचं साधं तापमान कळत नाही, त्याला कळतं ते वेट बल्ब तापमान, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवेल ते; हवा जितकी कोरडी तितकं ते खाली. एप्रिलच्या दुपारी नाशिकची हवा इतकी कोरडी असते की वेट बल्ब जुलैतल्या पावसाळी दिवसापेक्षाही खाली असतो. म्हणजे टॉवरसाठी हा सोयीचा काळ, आणि तुमचा टॉवर २८.५ अंशांचं पाणी देतोयही. उष्णता अडकतेय ती ट्यूबच्या भिंतीवर.

एक शंका मात्र आधी फेडून घ्या. सिस्टिममध्ये हवा शिरली असेल किंवा गॅस जास्त भरला असेल तरीही ॲप्रोच वाढतो. चिलरच्या सर्व्हिसवाल्याकडून ते एकदा तपासून घ्या. पण तुमचा पाण्याचा रिपोर्ट बघता माझा कल ट्यूबवर बसलेल्या क्षाराकडेच (स्केलकडेच) आहे. क्षाराच्या थरातून उष्णता तांब्याच्या जवळपास दोनशे पट कमी वेगाने जाते. कंडेन्सिंग तापमान एक अंशाने वाढलं की ढोबळमानाने दोन ते तीन टक्के जास्त वीज लागते. तुमचे सात अंश जादा आहेत. एका चिलरवर सरासरी ६० टक्के लोड धरला तरी रोजची दोनशेच्या आसपास युनिटं नुसत्या या थरापायी जातायत.

आता पाण्याचा रिपोर्ट. मेकअपचा, म्हणजे टॉवरमध्ये भर म्हणून येणाऱ्या ताज्या पाण्याचा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) ६२०, टॉवरमधला ४०००. भागाकार केला तर साडेसहाच्या जवळ येतो. म्हणजे पाणी साडेसहा पट आटलंय. धंद्यात याला सायकल म्हणतात. बाष्पीभवनात निव्वळ पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यामुळे मेकअपमधला प्रत्येक विरघळलेला घटक टॉवरमध्ये साधारण तितक्याच पटीने वाढायला हवा. याच रिपोर्टमध्ये खालच्या ओळीत हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) दिलाय: मेकअप ६०, टॉवर २१०. साडेसहा पटीच्या हिशेबाने तो ३९० यायला हवा होता. मग उरलेले १८० पीपीएम गेले कुठे? ते पाण्यात नाहीत, म्हणजे ते ट्यूबवर किंवा टॉवरच्या फिलवर (आत पाणी पसरवणाऱ्या पत्र्यांवर) बसलेत.

हा भागाकार करायला कोणतंही उपकरण लागत नाही. रिपोर्ट आला की टीडीएसच्या सायकल आणि हार्डनेसच्या सायकल शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जवळपास सारख्या असतील तर इनहिबिटर (क्षार बसू न देणारं केमिकल) काम करतोय. हार्डनेसच्या सायकल मागे पडू लागल्या की क्षार बसायला लागलाय, चिलर त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी ओरडतो. तुमच्या रिपोर्टच्या तळाला ‘समाधानकारक’ असा शिक्का आहे. शिक्का मारणाऱ्याने दोन ओळींचा भागाकार केलेला नाही.

आणि मुळात सॉफ्टनरनंतर ६० हार्डनेस का? चांगल्या चालणाऱ्या सॉफ्टनरमधून पाच पीपीएमच्या आत पाणी यायला हवं. तुम्ही लिहिलंय की बोअरच्या पाण्याचा हार्डनेस ३८०, सॉफ्टनरमध्ये २०० लिटर रेझिन (हार्डनेस पकडणारे दाणे), आणि रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करणं) रविवारी आणि बुधवारी. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस पकडतं. म्हणजे २०० लिटरला १० किलो. ३८० पीपीएमच्या पाण्यात दर हजार लिटरमागे ३८० ग्रॅम हार्डनेस असतो, म्हणजे सॉफ्टनर २६ हजार लिटरला संपतो. तुमचा मेकअप रोज १५ हजारांच्या पुढे. हा सॉफ्टनर पावणेदोन दिवसांत दम तोडतो आणि पुढच्या रिजनरेशनपर्यंत कच्चं बोअरचं पाणी सरळ टॉवरमध्ये जातं. सँपल घेतलं त्या वेळी ६० दिसले, बुधवारच्या आदल्या संध्याकाळी घेतलं असतं तर तिनशेच्या वर दिसले असते. त्यामुळे बसलेला क्षार वर काढलेल्या १८० पीपीएमपेक्षा जास्तच असणार.

रिजनरेशन वारावर करू नका, लिटरवर करा. सॉफ्टनरच्या आउटलेटला मीटर बसवा, २२-२३ हजार लिटर झाले की रिजनरेशन घ्या. आणि प्रत्येक वेळी ३० किलोच्या आसपास मीठ खरोखर टाकीत पडतंय का ते बघा. मिठाची पोती स्टोअरमधून निघतात जास्त आणि सॉफ्टनरपर्यंत पोचतात कमी, हे मी अनेक इमारतींत पाहिलंय. ऑपरेटरला हार्डनेसची ड्रॉप टेस्ट किट द्या. बाटलीत पाणी, त्यात बफरचे थेंब, मग इंडिकेटर, पाणी वाइनसारखं लालसर झालं तर हार्डनेस आहे, निळं झालं तर नाही. शिफ्टला एकदा, दोन मिनिटांचं काम.

पण सॉफ्टनर सुधारला म्हणजे सायकल हव्या तेवढ्या वाढवता येतील असं समजू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये सिलिकाचा रकानाच नाही, आणि नाशिकमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी असते ती त्याचीच. आपण बेसॉल्टवर बसलोय. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपून आलेल्या पाण्यात सिलिका बऱ्यापैकी असते, ४०-५० पीपीएम निघाली तरी मला नवल वाटत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून सोडियम घालतो, सिलिकाला तो हातही लावत नाही. टॉवरमध्ये सिलिका १५० पीपीएमच्या वर जाऊ द्यायची नाही असा सर्वसाधारण दंडक आहे. तुमच्या बोअरला ४५ निघाली तर सव्वातीन सायकलच्या फारसं पुढे जाता येणार नाही, सॉफ्टनर कितीही चांगला असला तरी. चालवताय तुम्ही साडेसहा. आणि सिलिकाचा थर कॅल्शियमच्या थरासारखा नसतो. तो काचेसारखा बसतो, साध्या ॲसिडला दाद देत नाही. त्यामुळे उद्याच बोअर, सॉफ्टनरनंतरचं पाणी आणि टॉवर अशा तिन्ही ठिकाणांहून प्लास्टिकच्या बाटलीत सँपल घ्या आणि लॅबला सिलिका, क्लोराइड, अल्कलिनिटी अशी स्पष्ट मागणी लिहून पाठवा. काचेची बाटली नको, काचेतूनच सिलिका उतरते.

सायकल कमी करायच्या म्हटलं की व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न असतो, टँकर वाढणार का? हिशेब बघा. १५० टनांचा चिलर पूर्ण लोडवर तासाला साधारण ९०० लिटर पाणी उडवतो. ६० टक्के लोडने दिवसाला १३ हजार लिटर. हे पाणी उडणारच, त्याला केमिकल नाही. प्रश्न फक्त ब्लोडाऊनचा, म्हणजे क्षार साचू नयेत म्हणून टॉवरमधून मुद्दाम सोडून द्यायच्या पाण्याचा. दोन सायकलला रोजचा मेकअप २६ हजार, चारला १७,३००, सहाला १५,६००. दोनवरून चारवर आलात तर जवळजवळ एक मोठा टँकर वाचतो. चारवरून सहावर गेलात तर जेमतेम सतराशे लिटर. त्या सतराशे लिटरसाठी ट्यूब पणाला लावायच्या का, याचा विचार करा. सिलिका आड येत नसेल तर साडेतीन-चार ही नाशिकच्या बोअरच्या पाण्याला बरी जागा आहे. आठ-दहा सायकलची जाहिरात करणारे प्रोग्रॅम असतात, पण ते पाणी कोणत्या दगडातून आलं हे विचारल्याशिवाय त्यांवर सही करू नका.

ब्लोडाऊन हाताने उघडायचा व्हॉल्व्ह असेल तर तो एकतर उघडाच राहतो, नाहीतर बंदच. रात्रपाळीच्या माणसाला टॉवरवर जायचा कंटाळा येतो, आणि त्यात त्याचं फार चुकतंय असंही नाही. कंडक्टिव्हिटी कंट्रोलर (पाण्यातले क्षार प्रोबने मोजून व्हॉल्व्ह उघडणारा) आणि सोलेनॉइड किंवा मोटराइज्ड व्हॉल्व्ह बसवा. प्रोब दर आठवड्याला काढून पुसा, त्याच्यावर शेवाळाचा पापुद्रा आला की तो कमी दाखवतो आणि ब्लोडाऊन होतच नाही. व्हॉल्व्हच्या आधी गाळणी ठेवा, नाहीतर खवला अडकून तो बंदच होणार नाही.

डोसिंगचा धागाही इथेच सापडतो. स्केल इनहिबिटर पाण्यासोबत उडून जात नाही, तो बाहेर जातो फक्त ब्लोडाऊनबरोबर. म्हणून डोस ब्लोडाऊनवर ठरतो, कॅलेंडरवर नाही. टॉवरमध्ये १०० पीपीएम राखायचे असतील तर चार सायकलला दिवसाला ४३० ग्रॅम लागतील, दोन सायकलला १३०० ग्रॅम. जुलैत लोड अर्धा झाला की डोसही अर्धा व्हायला हवा. ‘महिन्याला एक कॅन’ हा डोस नाही, ती बिलाची सोय आहे. मेकअप मीटरच्या पल्सवर चालणारा डोसिंग पंप ही माझी पहिली पसंती. टायमरवर चालणारा असेल तर निदान दर आठवड्याला कॅनमध्ये पट्टी बुडवून किती उतरलंय ते लिहून ठेवा.

आता नाशिकचा खास मुद्दा, जो तुमच्या पुरवठादाराच्या पुस्तिकेत नसणार. आपल्या इमारती वर्षात एकच पाणी पीत नाहीत. ऑगस्टपासून थंडीपर्यंत बहुतेक ठिकाणी महापालिकेचं, म्हणजे गंगापूर किंवा दारणा-मुकण्याकडचं धरणाचं पाणी. ते मऊ, कमी टीडीएसचं, पण पावसात थोडं गढूळ. फेब्रुवारी-मार्चपासून बोअर मिसळायला लागतं, एप्रिल-मेमध्ये निव्वळ बोअर किंवा टँकर, आणि टँकर कोणत्या विहिरीचा हे टँकरवाल्यालाच माहीत. ऑगस्टमधलं धरणाचं पाणी सॉफ्टनरमधून काढलं तर ते इतकं भुकेलं होतं की लोखंडी पाइप खायला लागतं. त्यात मे महिन्याचाच इनहिबिटर, तोच डोस चालू. उन्हाळ्यात क्षार आणि पावसाळ्यात गंज, दोन्ही त्याच कॅनमधून. म्हणून करारात दोन प्रोग्रॅम लिहून घ्या. पावसाळ्यात सॉफ्टनरला थोडा बायपास देऊन हार्डनेस ५०-६० राहू द्या, सायकल वाढवा, गंजरोधकाचं प्रमाण वाढवा. उन्हाळ्यात सॉफ्टनर पूर्ण, सायकल कमी, स्केलवर भर. आणि पाण्याचा स्रोत बदलला की ऑपरेटरने पुरवठादाराला त्याच दिवशी मेसेज करायचा, महिनाअखेरीची वाट बघायची नाही.

इनहिबिटरच्या कॅनवर नुसतं नाव आणि नंबर असतो, त्यात काय आहे ते विचारा. स्केलसाठी फॉस्फोनेट आणि पॉलिमर, लोखंडासाठी फॉस्फेट, झिंक किंवा मॉलिब्डेट, आणि तांब्याच्या ट्यूबसाठी टॉलीलट्रायाझोल किंवा बेन्झोट्रायाझोल. तुमच्या कंडेन्सरच्या ट्यूब तांब्याच्या आहेत, त्यामुळे यातलं शेवटचं, म्हणजे अझोल, नसेल तर तो कॅन परत पाठवा. जुन्या लोकांना क्रोमेटची आठवण असेल, पिवळ्याधमक पाण्याचे टॉवर. काम उत्तम करायचं, पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. अमेरिकेने १९९० साली इमारतींच्या कूलिंग टॉवरमध्ये त्यावर बंदी घातली. कोणी स्वस्तात देऊ केलं तरी हात लावू नका.

गंजाचा आकडा हवा असेल तर कूपन रॅक बसवा. लोखंडाची आणि तांब्याची वजन केलेली पट्टी वाहत्या पाण्यात ९० दिवस ठेवायची, काढून पुन्हा वजन करायचं. लोखंडाला वर्षाला ३ मिल्सच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आणि तांब्याला ०.२ च्या आत निकाल आला तर प्रोग्रॅम बरा चाललाय. पुरवठादार ‘कूपनची गरज नाही’ म्हणाला तर तीच गरज आहे असं समजा.

रुग्णालय आहे म्हणून जिवाणूंचा भाग मी घाईत उरकणार नाही. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजनच्या अधिवेशनाला आलेले लोक न्यूमोनियाने दगावले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) त्यामागचा जिवाणू शोधला, तोच लिजिओनेला. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात तो वाढतो, म्हणजे तुमच्या टॉवरचं पाणी बाराही महिने त्याच्या सोयीचं. माणसाच्या पोटात जाऊन तो सहसा काही करत नाही, श्वासातून गेलेला बारीक तुषार धोक्याचा. टॉवरच्या वरून उडणारे थेंब शेजारच्या फ्रेश एअरच्या जाळीत गेले तर ते सरळ वॉर्डात. गच्चीवर जाऊन एकदा बघा की टॉवर आणि फ्रेश एअरची जाळी यांच्यात किती अंतर आहे, आणि संध्याकाळी वारा कुठून कुठे वाहतो. ड्रिफ्ट एलिमिनेटरचे (हे थेंब अडवणारे) पत्रे तुटलेले किंवा वाकडे बसलेले असतील तर केमिकलच्याही आधी ते बदला.

तुमच्या रिपोर्टमध्ये टॉवरचा पीएच ८.८ आहे, आणि जिवाणूनाशक म्हणून फक्त हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). क्लोरीनची मारक ताकद हायपोक्लोरस आम्लात असते. पीएच ८.८ ला पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी जेमतेम पाच टक्के त्या रूपात राहतो. ब्रोमीनचा त्याच पीएचला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कामाचा राहतो. म्हणून हायपोसोबत सोडियम ब्रोमाइड, किंवा ब्रोमीनच्या गोळ्यांचा फीडर वापरा. शिवाय आठवड्यातून एकदा आयसोथायाझोलिनोन किंवा डीबीएनपीएसारखं नॉन-ऑक्सिडायझिंग (क्लोरीन-ब्रोमीनसारखं ऑक्सिडीकरण न करणारं) जिवाणूनाशक, दोन्ही आलटून पालटून. डीबीएनपीए तुमच्या पीएचला काही तासांतच विघटतं, त्यामुळे ते थेंबाथेंबाने नको, एकदम मात्रा द्या आणि तेवढा वेळ ब्लोडाऊन बंद ठेवा. ते ब्लोडाऊनचं पाणी एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) सोडत असाल तर आणखी जपून, तिथले उपयोगी जिवाणूही मरतात आणि मग एसटीपीवाला तुमच्या नावाने शंख करतो. आणि हायपोचा कॅन गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. मे महिन्यात काही आठवड्यांत त्याची ताकद निम्म्यावर येते आणि तुम्ही महागडं खारं पाणी टाकत राहता. सावलीत, आणि ॲसिडच्या कॅनपासून लांब, वेगळ्या खोलीत. दोन्ही सांडून एकत्र झाली तर क्लोरीन वायू सुटतो.

निकाल बघायला डिप स्लाइड पुरे. टॉवरच्या पाण्यात बुडवून ३० अंशाला ४८ तास ठेवली की ठिपके मोजता येतात. मिलिलिटरला दहा हजारांच्या आत असेल तर ठीक, लाखाच्या वर असेल तर त्याच दिवशी जिवाणूनाशकाचा शॉक डोस (एकदम मोठी मात्रा). लिजिओनेलाची चाचणी वेगळी असते, ती मान्यताप्राप्त लॅबकडून वर्षातून निदान दोनदा करून घ्या. डिप स्लाइड स्वच्छ आली म्हणजे लिजिओनेला नाही, असं नसतं.

राखीव टॉवरकडे कोणी लक्ष देत नाही. बंद पडलेल्या टॉवरच्या बेसिनमध्ये साचलेलं पाणी, त्यात कबुतरांची विष्ठा, वर ऊन. एप्रिलमध्ये मुख्य चिलर ट्रिप झाला की घाईघाईने हाच सुरू होतो आणि महिनाभर शिजलेलं ते पाणी हवेत उडतं. दर आठवड्याला अदलाबदल करा किंवा राखीव टॉवर पूर्ण रिकामा आणि कोरडा ठेवा. बेसिनची सफाई वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि पाऊस संपल्यावर. सफाई करणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क द्या, रुमाल बांधून चालणार नाही. धुवायच्या आधी क्लोरीन घाला, पंखा बंद ठेवा. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जिकडेतिकडे खोदकाम आहे. टॉवर म्हणजे हवा धुणारं यंत्र, रस्त्यावरची धूळ तो इमानेइतबारे पाण्यात ओढून घेतो. फिरत्या पाण्याच्या पाच टक्के पाणी सतत गाळणारा साइड-स्ट्रीम फिल्टर बसवला तर बेसिनमधला चिखल आणि त्यात लपणारे जिवाणू दोन्ही कमी होतात.

एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी टॉवरला वापरायचा विचार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. विचार चांगला आहे, पण पाणी अमोनियाने भरलेलं असेल तर तो क्लोरीन खाऊन टाकतो आणि तांब्याच्या ट्यूबला चिरा पाडतो. फॉस्फेट असेल तर कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसतो. आधी एसटीपी तीन महिने नीट चालवून दाखवा, अमोनिया एक पीपीएमच्या आसपास आणा, मग बोलू.

चुंबकाच्या यंत्राबद्दल. अशी यंत्रं विकणारे फार गोड बोलतात. ॲश्रे या एसी-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने पैसे देऊन पिट्सबर्ग विद्यापीठात एक अभ्यास करून घेतला होता, त्याचा अहवाल २०१० मध्ये आला. चुंबकीय, विद्युत-क्षेत्राची, अल्ट्रासॉनिक अशी पाच प्रकारची यंत्रं खऱ्यासारख्या चालणाऱ्या टॉवरवर लावून बघितली. काहीच न लावलेल्या टॉवरच्या तुलनेत जिवाणूंवर त्यांचा लक्षात घेण्याजोगा परिणाम दिसला नाही, क्लोरीनचा दिसला. रुग्णालयात मी तो धोका पत्करणार नाही. स्केलपुरतं कोणी खात्री देत असेल तर ॲप्रोच तापमानावर पैसे द्यायची अट घाला, बहुतेक जण परत फिरकत नाहीत.

चिलरकडून इमारतीत फिरणाऱ्या थंड पाण्याचा बंद लूप वेगळा विषय, पण एक गोष्ट करून ठेवा. त्याच्या मेकअप लाइनला मीटर लावा. बंद लूप म्हणवणारा लूप महिन्याला दोन हजार लिटर पीत असेल तर कुठेतरी गळतंय आणि ताजा ऑक्सिजन आत जातोय, मग नायट्राइट (तिथलं गंजरोधक) कितीही घाला.

आता तातडीचं काम, म्हणजे डिस्केलिंग. पण लगेच ॲसिड नको. राखीव चिलरवर लोड टाका, चालू चिलरच्या कंडेन्सरचं एंड कव्हर उघडा आणि ट्यूबच्या तोंडातला एक खवला चिमट्याने काढा. काचेच्या बशीत ठेवून त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका, हातात मोजे, डोळ्यांना गॉगल. फसफसून सगळा विरघळला तर कॅल्शियम कार्बोनेट. थोडा फसफसून मागे राखाडी, खरखरीत पापुद्रा उरला तर त्यात सिलिका आहे. फसफसलाच नाही तर सिलिका किंवा सल्फेट. बोटाला बुळबुळीत लागून चिरडला गेला तर तो क्षार नाही, जिवाणूंचा थर आहे, आणि उष्णता अडवण्यात तो क्षाराच्या वरचढ असतो.

कार्बोनेट निघाला तर इनहिबिटर घातलेलं सल्फॅमिक ॲसिड फिरवा. तासातासाला ॲसिडची ताकद मोजायची, ती खाली यायची थांबली की क्षार संपला, मग थांबायचं. ‘अजून दोन तास फिरवू’ म्हणणाऱ्याला अडवा, त्या दोन तासांत ॲसिड फक्त तांबं खात असतं. नंतर सोडा ॲशने उदासीन करून धुवायचं, आणि पाणी भरल्याबरोबर इनहिबिटरचा पहिला डोस दुप्पट, उघड्या धातूवर लगेच थर बसायला हवा. सिलिका निघाली तर ॲसिडवाला फ्लोराइडचं रसायन सुचवेल. रुग्णालयाच्या आवारात ते नको, मेकॅनिकल ब्रशिंग करून घ्या, वेळ लागला तरी चालेल. कव्हर उघडलंच आहे तर ट्यूबची एडी करंट तपासणीही (ट्यूबच्या भिंतीतले दोष विजेच्या प्रवाहाने शोधणारी) करून टाका.

पुरवठादार बदलायचा की नाही, हे यानंतर. आहे त्यालाच बोलावून टीडीएस आणि हार्डनेसचा भागाकार समोर ठेवा. त्याच्याकडे उत्तर असेल आणि तो सिलिका, डिप स्लाइड, कूपन आणि ॲप्रोच तापमान महिन्याच्या रिपोर्टमध्ये द्यायला तयार असेल तर माणूस ठेवण्यासारखा आहे. नवीन करार किलोवर नको, टॉवरच्या पाण्याच्या मर्यादांवर करा, मग किती किलो लागतात ही त्याची डोकेदुखी.

तोवर ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह आजच थोडा उघडून टॉवरचा टीडीएस २२०० च्या आत आणा आणि सॉफ्टनरला रोज रिजनरेशन द्या. बसलेला थर याने निघणार नाही, पण वाढायचा थांबेल. खवल्याचा निकाल आणि सिलिकाचा आकडा आला की पाठवा. सायकल नेमक्या किती ठेवायच्या ते त्यावरून सांगतो.